पैजेचा किल्ला

व्हय, मी हरले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच आस धरायला नको की म्हातारी शेवटी धापा टाकत वर पोचली आणि समुद्राकडं बघत डोळे पुसत उभी राहिली. तसलं काही झालं नाही. समुद्राकाठच्या त्या डोंगरावरच्या पडक्या किल्ल्याच्या दुसऱ्या दरवाजात माझा गुडघा जो अडला, तो अडलाच. आणि पैज अशी होती की मी वरपर्यंत चढले तर बिदरला, नौबादच्या माझ्या घरात मी माझी एकटी राहणार, मुलगा परत तो विषय काढणार नाही. नाही चढले तर घर भाड्यानं द्यायचं आणि मुकाट त्याच्याकडं पुण्याला राहायला जायचं. बरं, ही पैज दुसऱ्या कुणी माझ्या गळ्यात मारली नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सुरुवात झाली मागच्या अंगणातल्या शेवाळापासून. धुणं पिळताना पाय घसरला आणि मी दगडावर बसकण मारली. हाड मोडलं नाही, घोटा सुजला. शेजारच्या मुसलमान घरातल्या आपांनी भिंतीवरून बघितलं. त्या आल्या, मला उठवून खाटेवर नेलं, हळद-चुना लावला आणि आठ दिवस दोन्ही वेळचं जेवण पाठवलं. वेगळ्या भांड्यात, भाजी आणि भात, कारण आम्ही लिंगायत, आमच्याकडं मांस-मच्छी चालत नाही, हे आपांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. सगळं बरं चाललं होतं. फक्त त्यांनी एक आगाऊपणा केला, माझ्या मुलाला फोन केला.

मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हजर. माझा घोटा बघून त्याचे डोळे भरले आणि मग डोळे भरल्याचा राग आला म्हणून माझ्यावर ओरडला. तेव्हापासून रोजच्या फोनवर एकच पालुपद, अव्वा, आता पुरे, इकडं ये. आमच्यात आईला अव्वा म्हणतात आणि बापाला अप्पा. हाक कन्नड, पुढचं बोलणं मराठी. अप्पा, म्हणजे आमचे हे, जाऊन तीन वर्षं झाली. ते होते तोवर आम्हा दोन म्हाताऱ्यांना राहायला कुणाची परवानगी लागत नव्हती. ते गेले आणि मी एका दिवसात लहान पोर झाले. गोळी घेतलीस का, गॅस बंद केलास का, दाराला कडी घातलीस का. सगळी नोकरी मराठी शाळेत पोरं शिकवण्यात गेली, त्यातली निम्मी वर्षं तिकडं मराठी बोलणाऱ्या संतपूर गावात, आणि आता रोज संध्याकाळी माझीच हजेरी.

मला पुण्यात राहायचं नाही, यात न समजण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही. पुण्याचं घर चांगलं आहे. सून चांगली आहे, हेही लिहून ठेवते, कारण सुनेला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. पण तिथं मी अकराव्या मजल्यावरची आजी. नौबादला मी मॅडम आहे. भाजीवाल्याशी मी कन्नडात भांडते, आपांशी दख्खनी उर्दूत, आणि संतपूरकडून कामाला बिदरला आलेला जुना विद्यार्थी वाटेत भेटला आणि केस वाढवून दिसला, की त्याच्याशी मराठीत. पुण्यात मला भांडायला माणूस नाही. लिफ्टमध्ये सगळे माझ्याकडं बघून हसतात. सारखं हसणाऱ्या माणसांत राहून माझं डोकं दुखतं.

संक्रांत झाल्यावर पंधरा दिवसांसाठी पुण्याला गेले होते. एका रात्री जेवताना मुलानं परत तेच काढलं. घर बघायला एक भाडेकरू येतोय म्हणाला, चांगली माणसं आहेत, बँकेतली. माझ्या घराला भाडेकरू ठरला आणि मला भाकरी वाढता वाढता सांगायलाय. मी म्हणाले, मला काय झालंय? तो म्हणाला, अव्वा, तुला आता चार पावलं धड चालवत नाही. तिथं माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, अरे, मी आठवड्यातनं तीनदा किल्ल्यात चालायला जाते, तुला माहीत तरी आहे का? तो म्हणाला, असं? मग शनिवारी आपण कोकणात निघालोच आहोत. तिथं समुद्राला लागून किल्ला आहे, तो चढून दाखव. मी म्हणाले, दाखवते, लाव पैज. आणि पैज लागली. सून म्हणाली, कशाला हे. आम्ही दोघांनीही तिच्याकडं लक्ष दिलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि पोरगा माझ्याच पोटचा.

आता बिदरचा माणूस कुठं फसतो ते सांगते. किल्ला म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं येतो आमचा किल्ला, आणि तो आहे गावाच्या पातळीवर. ऑटोतून उतरावं, मोठ्या दरवाजातून सरळ आत चालत जावं. स्कूटरवालेसुद्धा आत जातात. आत रस्ता आहे, झाडं आहेत, बाकं आहेत. मी आणि आपा सकाळी एक फेरी मारतो, बाकावर बसून अर्धा तास सगळ्या जगाची धुणी धुतो आणि परत येतो. आम्ही किल्ल्यात जातो. किल्ला चढायचा असतो, हे मी फक्त पुस्तकात वाचलेलं. कहर म्हणजे मी स्वतः पोरांना गडाचे धडे शिकवलेत, मावळे कसे सरसर वर चढले ते हातवारे करून सांगितलंय, आणि तेव्हाही माझ्या मनात चढण्याची जागा म्हणजे आमच्या खंदकापलीकडची भिंत, दोन माणसं उंच. त्यामुळं पैज लावताना मला वाटलं, समुद्राकाठी असला तर वाराही चांगला लागेल. सुनेला म्हणालेसुद्धा, डब्यात दोन कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी घे, आत कुठंतरी बाकावर बसून खाऊ.

गाडी वळणाला आली आणि आधी समुद्र दिसला. मी आयुष्यात समुद्र बघितला नव्हता असं नाही, पण एवढ्या जवळून नव्हता बघितला. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघत माणसं उभी असतात, आणि इथं हे एवढं पाणी नुसतं येतंय आणि परत जातंय, एक घोट प्यायच्या कामाचं नाही. मला ते काही आवडलं नाही. मुलगा म्हणाला, कसा वाटला? मी म्हणाले, उधळ्या आहे. मग त्यानं बोटानं वर दाखवलं. म्हणाला, तो बघ किल्ला.

मी वर बघितलं. अजून वर बघितलं. डोंगराच्या पार टोकाला एक तुटकी भिंत होती आणि तिच्यावर एक झाड. डोंगर तिथून थेट समुद्रात उतरला होता. मध्ये कुठं रस्ता नाही, कुठं ऑटो नाही. दगडी पायऱ्यांची एक वाट झाडीतून वर गेलेली दिसत होती आणि तिच्यावरची माणसं मुंग्यांएवढी. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हा दुरूनही साजरा नव्हता.

मुलाला माझा चेहरा दिसला असणार. तो लगेच म्हणाला, अव्वा, राहू दे, आपण खाली समुद्रावर बसू. त्याचा आवाज इतका मऊ होता की मला चपलेचा पट्टा आवळावाच लागला. तेव्हाच कबूल करायला पाहिजे होतं की बाबा, माझी चूक झाली, मला सपाट किल्ला वाटला होता. पण ती माझी जात नाही. मी पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

पायऱ्या कुणी केल्या होत्या त्यांना माझं काही चांगलं करायचं नव्हतं. एक पायरी वीतभर, पुढची गुडघ्याला लागणारी, तिसरी अर्धी निखळलेली. मुलगा मागून चालायला लागला, हात असे पुढं धरून, जणू मी मडकं आहे आणि आता फुटणार. मी त्याला पुढं जायला सांगितलं. परीक्षेत पोरांच्या पाठीमागं उभी राहून मी कितीजणांचे हात थरथरवले असतील ते मला तेव्हा कळलं. तो पुढं गेला आणि दर दहा पायऱ्यांना वळून बघायला लागला. उतरणारे लोक भेटत होते. प्रत्येकाला माझ्या तब्येतीची काळजी. आजी, सावकाश. आजी, अजून बरंच आहे. आजी, काठी घ्यायची ना. एका पोरीनं तर माझा फोटो काढू का म्हणून विचारलं. मी तिला म्हणाले, आधी तुझ्या आजीचा काढ, घरी बसली असेल.

पहिल्या दरवाजापर्यंत मी आले. हे मी अभिमानानं सांगते, कारण तिथपर्यंत मला कुणी हात दिला नाही. दरवाजा म्हणजे आता एक कमान उरली होती, लाकडाचा पत्ता नाही. मी भिंतीला हात टेकला आणि दगड बघून मला एकदम बरं वाटलं. तांबडा, भोकाभोकांचा, आमच्या बिदरच्या किल्ल्याचा असतो तसलाच. एवढ्या लांब येऊन दगड मात्र आपल्याकडचा. मी त्याला मनात म्हणाले, ओळख ठेव. आणि पुढं निघाले.

दुसऱ्या दरवाजापर्यंत कशी आले ते मला नीट आठवत नाही. छातीत धडधड नव्हती, दम पुरत होता. गुडघाच बसला. उजवा. कुणीतरी आतून कडी घातल्यासारखा. मी उभी राहिले, हातानं दाबला, पाय पुढच्या पायरीवर ठेवून अंगाचा भार टाकला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. परत केलं. परत तेच. मुलगा वर वळणावर थांबलेला दिसला तशी मी ओरडून सांगितलं की तुम्ही दोघं व्हा पुढं, मी दम खाऊन येते मागून. शेजारीच उभ्या असलेल्या सुनेनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. तिनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि नवऱ्याला घेऊन वर गेली.

त्या दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांना बसायला दोन्ही बाजूंना दगडी ओटे असतात, तसे होते. एकावर मी बसले. दुसऱ्यावर एक बाई कोकम सरबत विकत होती, माझ्याच वयाची, थोडी जास्तच. सगळं सामान ती रोज डोक्यावरून इथवर आणते. आणि मी रिकाम्या हातानं आले तर माझे डोळे पांढरे झाले होते. मला लाज वाटली. म्हणून मी तिला विचारलं की वर काय आहे, अजून किती आहे. ती म्हणाली, “वर काय नाय. दोन भिंती नि गवात.” मी विचारलं, तुम्ही जाता का वर? तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी बावळटासारखं विचारलंय. तिचं गिऱ्हाईक या दरवाजात दमतं, म्हणून ती या दरवाजात बसते. वर जाऊन ती काय करणार? म्हणाली, लहानपणी शेळ्यांमागं गेली असेन. मग तिनं मला सरबत दिलं.

मी सरबत पीत बसले आणि मला राग यायला लागला. आधी माझ्यावर. पोरांना मी कायम सांगितलं की दिला शब्द पाळायचा. गृहपाठ करून आणतो म्हणून न आणणाऱ्याला मी बाकावर उभं केलंय. आता मला कोण उभं करणार? शब्द दिला, हरले, तर जायला पाहिजे पुण्याला. भाडेकरू माझ्या स्वयंपाकघरात फोडणी टाकणार. आपा भिंतीवरून बघणार तर तिथं कुणी बँकेतली बाई. आणि मग समोर ती बाई निवांत पेले विसळताना बघून राग दुसरीकडं वळला. म्हटलं, ही इथं बसते, हिला कुणी विचारत नाही की तू वर चढून दाखव, तरच तुला इथं बसू देऊ. मग मलाच कामून? घर माझं. ह्यांनी आणि मी उभं राहून बांधून घेतलेलं, भिंतींना पाणी मारलेलं. जे आपलंच आहे ते पैजेवर लावायला मला कुणी सांगितलं होतं? आणि लावलं म्हणताना त्यानं तरी ते उचलून कसं घेतलं?

एवढ्यात ती दोघं खाली आली. मुलाचे केस वाऱ्यानं उभे राहिले होते. वर काय बघितलंस म्हणून मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. तो माझ्या शेजारी ओट्यावर बसला. जिंकल्याची ऐट त्याच्यात नव्हती, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

“अव्वा,” तो म्हणाला, “हरलीस.”

“हरले,” मी म्हणाले. “आणि तरीबी मी नौबादलाच जायलेय.”

त्यानं डोक्याला हात लावला. म्हणाला, शब्द म्हणजे शब्द, हे तूच शिकवलंस.

“शिकवलं. मग? मास्तरीण कधी चुकत न्हाई व्हय? माझ्या घराला तीन पायऱ्या हायत. तीन. त्या मी रोज चढते आणि रोज उतरते. तिथं राहायला मला समुद्राकाठचा डोंगर कामून चढावा लागतो, ते सांग. तुला अकराव्या मजल्यावर राहायचंय, तुला कुणी म्हणालं का, जिन्यानं चढून दाखव?”

सून तोंड फिरवून हसली. तो हसला नाही. म्हणाला, आणि परत पडलीस तर? मी म्हणाले, आपा उचलतील. त्या नसल्या तर? तर पडून राहीन, मी म्हणाले, पण माझ्या अंगणात. हे मी जरा जास्तच बोलले. खाली समुद्राचा आवाज येत होता, सरबतवाली बाई उगाच पेले पुसत होती. मग तो मान खाली घालून बोलला, आणि तो जे बोलला ते गेल्या तीन वर्षांत त्यानं एकदाही काढलं नव्हतं.

“अप्पांच्या वेळी मी पोचलो नाही, अव्वा.”

खरं होतं. ह्यांचा प्राण गेला तेव्हा तो वाटेत होता. आमच्यात जाळत नाहीत, समाधी देतात, बसवून. ह्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार, आणि सगळे दाराकडं बघत थांबले होते. तो आला तेव्हा निघायचीच वेळ झाली होती. त्याला बापाजवळ दोन मिनिटं बसायलासुद्धा मिळालं नाही. मला वाटलं होतं की तो ते विसरला. कामाची माणसं विसरतात. तो विसरला नव्हता, तो मला घेऊन जाऊन कुलपात ठेवायला बघत होता, म्हणजे या वेळी उशीर नको.

मला रडायला यायला लागलं, पण मी रडले नाही. मुकाट्यानं रडले असते तर आज मी पुण्यात असते. मी त्याचा हात धरला, चांगला घट्ट, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

“तीन वर्षांत तू घरी किती येळा आलास?”

उत्तरही मीच दिलं.

“एकदा. मी पडले तवा. म्हणजे मी पडल्याबिगर तू येणार न्हाईस व्हय? माझ्या मरणाला वेळेवर पोचायची एवढी घाई करू नको. मेल्यावर मला काय, तू आलास काय न् न्हाई काय, मी बसवलेली असणार, विभूती लावून. जिती हाय तवर येत जा. शेवाळ घासायला ये. भांडायला ये.”

त्याचा हात माझ्या हातात होता आणि तो खांदे हलवत रडत होता, एवढा मोठा बाप्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. मी त्याला गप्प केलं नाही. सुनेनं पिशवीतनं डबा काढला, भाकरीचे तुकडे केले, चटणी घातली आणि एक तुकडा सरबतवाल्या बाईलाही दिला. तिनं तो खाल्ला आणि तिखट आहे म्हणाली. आम्ही दुसऱ्या दरवाजात बसूनच जेवलो.

उतरताना मी त्याचा हात धरला. तेवढ्यापुरता धरला, हे त्याला सांगितलंसुद्धा. उतरणं चढण्यापेक्षा वाईट असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. निम्म्या वाटेत त्यानं खिशातनं फोन काढला आणि त्या भाडेकरूला सांगून टाकलं की घर द्यायचं नाही, तिथं माझी आई राहते. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खाली गाडीपाशी आल्यावर त्यानं माझ्यासाठी दार उघडलं. म्हणाला, पुढच्या आठवड्यात मी सोडायला येतो तुला बिदरला. रजा टाकतो.

“चार दिवस चालतील, अव्वा?”

“आठ,” मी म्हणाले. “चार दिवसांसाठी मी गादी उन्हात टाकत न्हाई.”